तीन रंगांच्या गोळ्या

९ फेब्रुवारी
धाकटीने आज मशीनवरच उलटी केली. शिवत होती त्या कॉलरवर! सुपरवायझर बाई आधी कॉलरकडे धावली, मग तिच्याकडे. "पित्त असेल. पाणी पी आणि बस." बसली! आमच्या आईने जीभ सगळी मला दिली, हिला नुसता गोड स्वभाव.

आठवडाभर हिची दाढ ठणकतेय. दातांच्या डॉक्टरची वेळ घेतली होती, ती ऑर्डर निघेपर्यंत पुढे ढकलली. जेवण बंद, गोळ्या चालू.

१० फेब्रुवारी
म्हणते, आज बरं वाटतंय. आली कामावर. मी चिडले तर हसली — "ताई, तू रागावलीस की नाक किती लाल होतं गं तुझं!"

१२ फेब्रुवारी
डोळे पिवळेजर्द. तशीच उचलून हॉस्पिटलात नेली. आणि पहिला प्रश्न काय? "घरात भांडण झालं होतं का?" तिच्या नवऱ्याला बाजूला घेऊन विचारलं, मला वेगळं विचारलं. तो बिचारा नुसताच रडतोय, म्हणून हिने मुद्दाम काही खाल्लं असा संशय आणखी वाढला. शेवटी मी ओरडले — "दाढ दुखत होती हो तिची! दाढ!" सगळा वॉर्ड वळून बघायला लागला. बघू देत.

जीव द्यायचा असलेली बाई दातांच्या डॉक्टरची वेळ घेते का?

१३ फेब्रुवारी
डॉक्टरीणबाईंना आमच्या मजल्यावरची पद्धत सांगितली. अख्खं पाकीट कोणी घरी नेऊ नये म्हणून सुपरवायझर बाई गोळ्या काढून डब्यात सुट्या ठेवते. आम्ही रंगावरून ओळखतो. पांढरी पाठीची, पिवळी दाताची, निळी सर्दीची. सगळ्याजणी पेपरमिंटसारख्या खातो. धाकटीची पाठ दुखत होती, दाढ दुखत होती, वर सर्दी. म्हणून तिन्ही.

डॉक्टरीणबाई म्हणाल्या, मूळ खोकी आणा. गेले. बाई म्हणते, "कपाट कंपनीचं आहे." म्हटलं, "आणि बहीण माझी आहे!" उचलली खोकी.

तिन्हीत मुख्य औषध एकच निघालं. पॅरासिटामॉल!

१४ फेब्रुवारी
खोदून खोदून विचारलं. डॉक्टरीणबाईंनी न कंटाळता सांगितलं. यकृत या गोळीचा बराचसा भाग निमूट निकामी करतं. थोड्या भागाचं मात्र विष होतं. त्याला पकडायला पेशींकडे एक रसायन असतं — ग्लुटाथायोन. गोळ्या जास्त झाल्या की ते संपतं. मग विष पेशीच्याच प्रथिनांना चिकटतं, पेशीच्या आत ऊर्जा बनवणारे कण बंद पडतात, आणि पेशी फुगून फुटते. एकीमागून एक. हिने तर दाढेपायी जेवण सोडलेलं, म्हणजे ते रसायन आधीच कमी!

आणि सुरुवातीला माणसाला बरं वाटतं म्हणे. म्हणजे ती हसत कॉलर शिवत होती तेव्हा आत हे चाललं होतं. निदान ठणका तरी मारायचा! दाढ एवढीशी, तिने घर डोक्यावर घेतलं, आणि एवढं मोठं यकृत तोंड शिवून बसलं. अगदी हिच्यासारखंच. राग कोणाकोणावर काढू?

उतारा चालू आहे. लवकर मिळायला हवा होता, म्हणतात. ते दिवस आम्ही ऑर्डरला दिले.

१५ फेब्रुवारी
मला ओळखलं नाही. "आई" म्हणाली. नंतर तेही नाही.

यकृत पुरं पडत नाहीये. जवळच्या कोणी आपल्या यकृताचा तुकडा दिला तर वाचेल. देणाऱ्याचं पुन्हा वाढतं. नवऱ्याचा रक्तगट जुळत नाही. माझा जुळतो! म्हटलं, घ्या, आत्ता घ्या. आधी तपासण्या म्हणाल्या. काढा रक्त, हवं तेवढं काढा.

मालकाचा फोन — "ताई, कारखान्याचं नाव मध्ये आणू नका." म्हटलं, नाव आणणार, पत्ताही देणार, आणि तुमच्या बाईचा डबा पोलिसांच्या टेबलावर उपडा करणार. फोन आपटला. धाकटी घरी येऊ दे, मग बघते एकेकाकडे.

१६ फेब्रुवारी
माझे रिपोर्ट आले. डॉक्टरीणबाई खुर्ची ओढून जवळ बसल्या. "तुमचंही यकृत दुखावलंय. तुकडा घेता येणार नाही." मग हळूच म्हणाल्या, "ताई, तुम्ही किती गोळ्या खाता?"

मी बोटांवर मोजायला लागले — पांढरी, पिवळी, निळी, पुन्हा पांढरी.