पिशवीवरची अन्नपूर्णा

२७ नोव्हें., गुरु.
मार्गशीर्षातला पहिला गुरुवार. घट मांडला. प्राजू रोजच्यासारखी पहाटेच्याच एस्टीनं पुण्याला, हाफिसात. लेक पूजेला नाही, घर सुनं वाटलं. डिझाईनचं कॉलेज संपलं, पावसाळ्यात नोकरी लागली, पण अजून कच्चीच. कायम करायचं का ते डिसेंबरअखेर ठरणार. देवीकडं दुसरं काही मागितलं नाही.

३० नोव्हें., रवि.
प्राजूनं लॅपटॉपवर तिचं पहिलं मोठं काम दाखवलं. दहा किलो तांदळाची पिशवी, वर अन्नपूर्णा, हातात पळी. इतकी प्रसन्न की मी हात जोडले. आणि तोंडातून गेलं, "तांदूळ सरल्यावर पिशवीचं काय करायचं गं?"
आपल्याकडं रिकामी पिशवी दारात पायपुसणं होते. चांगली वस्तू वाया कशाला घालवायची? पण हिच्यावर पाय कसा...
प्राजूनं लॅपटॉप मिटला. हे म्हणाले, "पोरगी जरा हसत हुती, तुला बघवंना व्हय?"

२ डिसें., मंगळ.
तिनं माझं बोलणं हाफिसात सांगितलं! वरच्या मॅडम म्हणाल्या, "तांदूळवाल्या शेठना देवी पाहिजे, तू देवी काढ." कॉलेजात असलं काही विचारलं की सर सगळ्या वर्गाला कौतुकानं ऐकवायचे, हितं तोंड मिटून काम कर म्हणतात. सांगताना रडवेली झाली. मी वाढत राहिले. माझी जीभ मेली...

४ डिसें., गुरु.
दत्तजयंती, दुसरा गुरुवार. पोथीत लक्ष नाही. संध्याकाळी म्हटलं, "काढ बाई देवी."
"तू सांगतेस हे? लग्नपत्रिकेवरचा गणपतीसुद्धा तू कचऱ्यात टाकत नाहीस."
"आधी कायम हो. मग विचार काय विचारायचं ते."
"कायम झाल्यावर विचारावंसं वाटेल का, आई?"
वाटीतला प्रसादाचा शिरा तिनं तसाच ठेवला.

७ डिसें., रवि.
शेजारच्या शेवंतावहिनी दळण घेऊन जाताना टेकल्या. सगळं ऐकून म्हणतात, "त्या शेठचाच फोटू छापा म्हणावं. पाय पुसायला लई झ्याक." प्राजू खळखळून हसली, कितीतरी दिवसांनी. मी पण हसले. मग वाटलं, हिनं हाफिसात हेही सांगितलं तर?

११ डिसें., गुरु.
तिसरा गुरुवार. आरतीनंतर प्राजूनं नवं चित्र दाखवलं. देवी नाही. नुसता बाईचा हात, हिरव्या बांगड्या, पळीतून तांदूळ सांडतायत. माझे हात जोडायला उठले, मधेच थांबले. मनगटावर भाजल्याचा डाग. माझाच की!
"हा डाग खोड."
"राहू दे."
शेठना दाखवणार म्हणते. मॅडमना अजून पत्ता नाही.

१४ डिसें., रवि.
मॅडमनी बघितलं. वाईट नाही म्हणाल्या, पण शेठना देवीच दाखवायची. "बाया देवी बघूनच पिशवी उचलतात," असं शेठचं म्हणणं. हे चिडले, "आता गप बस म्हणावं तिला." मी कुठल्या तोंडानं सांगू? आधी बोलून बसलेच आहे.

१८ डिसें., गुरु.
शेवटचा गुरुवार, उद्यापन. आज शेठ हाफिसात येणार. प्राजू दोन्ही चित्रं घेऊन निघाली. कोणतं पुढं करायचं ते ठरलेलं नाही. दारातल्या पायपुसण्यावर उभी राहून चप्पल घालताना म्हणाली,
"खरं सांग, आई. भोरच्या बाजारात दोन्ही पिशव्या शेजारी शेजारी असल्या, तर तू कुठली उचलशील?"
देवीवाली. विचारसुद्धा करावा लागला नाही. उपासाच्या दिवशी खोटं बोलवेना, आणि खरं सांगितलं तर तिचा पाय तिथंच अडकला असता.
"एस्टी चुकंल, पळ," म्हटलं.
सवाष्णी येऊन गेल्या. दिवा लावला. तिचा फोन नाही.