मागे उभी राहणारी

सोमवार, ४ मार्च

आज परत निळा शर्ट! इस्त्री कडक हवी, म्हणे. कामावर जायचं नाही, गाडी पोलिसांच्या आवारात, लायसन्स पोलिसांच्या कपाटात — मग हे नवरदेव निघाले कुठे? "लायसन्सचं विचारून येतो." लायसन्सचं विचारायला केस ओले करून भांग पाडतात वाटतं!

मला काही कळत नाही असं कोणी समजू नये. हा दवाखान्यात जातो. तिच्याकडे. कँटीनवालीकडे. घरी येतो तेव्हा शर्टाला फिनेलचा वास येतो. मी दिवसभर लोकांचे कपडे हाताळते, कुठल्या कपड्याला कसला वास हे मला कोणी शिकवू नये.

मागच्या महिन्यात तिच्या कँटीनमागच्या गल्लीत हा पावाची गाडी रिव्हर्स घेत होता आणि ती मागे होती. गाडी आणि भिंत यांच्यामध्ये तिचा उजवा हात सापडला. वाईट झालं. मी कुठे नाही म्हणते? ऐकलं त्या दिवशी मीसुद्धा रडले. पण विमा कंपनीच्या वकिलाने फोनवर याला बजावून सांगितलंय — त्या बाईला भेटायचं नाही, 'चूक झाली' हे शब्द तोंडातून काढायचे नाहीत, भेटायला गेलात म्हणजे दोष कबूल केल्यासारखंच. फोन मीच घेतला होता, निरोपही मीच दिला. लायसन्स कायमचं गेलं तर या वयात याला दुसरं काय काम येतं? माझ्या शिलाईवर घर चालायचं नाही. हे सगळं त्याला माहीत आहे. तरी भांग!

मंगळवार, ५ मार्च

विचारलं, काल नक्की कुठे होतास? माझ्या तोंडाकडे बघत बसला, जसं काही माझ्या दातांत काहीतरी अडकलंय. मग म्हणतो, "हो, झालं जेवण."

ऐकून न ऐकल्यासारखं करायचं, ही नवी तऱ्हा. हल्ली रोजच चाललंय. मन तिकडे.

रविवार, १० मार्च

आज जरा बरं वाटलं, म्हणून लिहिते.

सुती कापड घेऊन आला. मऊ, फिक्कट हिरवं, लहान फुलांचं. म्हणाला, बेकरीतल्या एकाची आई पडली आहे, हात प्लास्टरमध्ये, गाऊन अंगात जात नाही. खांद्यापासून उघडणारा शिवून देशील का?

दिला शिवून. उजवा खांदा आणि बाही पूर्ण मोकळी ठेवली, बटणं टोचतील म्हणून नाड्या लावल्या. आतल्या शिवणी दुमडून घेतल्या, म्हातारीच्या कातडीला काचायला नको. हा शेजारी स्टूल घेऊन बसला होता. किती वर्षांनी! माझी शिवण कधी बघितली आहे का याने? "छान झालाय," म्हणाला. मी मान वर न करता म्हटलं, म्हातारीला सांग, जपून वापर.

शुक्रवार, १५ मार्च

रोज! रोज उभी राहायची ती मागे!

आज वकिलाच्या ऑफिसात गेलो. मी मुद्दाम सोबत गेले. वकिलाने कागदावर गल्ली काढली, भिंत काढली, गाडी काढली. मग पेन आपटत आपटत समजावलं. रिव्हर्स घेताना मागे कोणी नाही ना, हे बघणं ड्रायव्हरचं काम. मदतनीस नसेल तर खाली उतरून बघायचं. मालकाने मदतनीस दिला नव्हता, हे मालकाचं चुकलं. पण ही बाई कोणी न सांगता आपणहून मागे उभी राहून 'येऊ द्या, येऊ द्या' करायची आणि शेवटी 'बस' म्हणायची. म्हणजे तिने जबाबदारी अंगावर घेतली होती. सगळा प्रश्न एवढाच — त्या दिवशी तिने 'बस' म्हटलं का? म्हटलं असेल आणि हा थांबला नसेल तर संपलं, लायसन्स परत मिळायची आशा नाही. म्हटलं नसेल तर निम्मा दोष तिचा. तिची भरपाई कापली जाईल, हा सुटेल.

"तुम्ही आरशात बघत नव्हता?" वकिलाने विचारलं. याचं लक्षच नाही, खिडकीबाहेर रहदारी बघत होता. मी कोपर मारलं. मग म्हणाला, "ती असायची ना मागे."

ती असायची ना मागे! आमच्या गल्लीत गाडी लावताना मी कितीदा मागे उभी राहिले. घसा फुटेस्तोवर ओरडले. तर मला काय म्हणायचा? "तू बाजूला हो, तुझ्यामुळे गोंधळ होतो." स्वतः उतरून चारदा बघायचा. आणि तिच्या भरवशावर आरसासुद्धा नको! बायकोच्या आवाजाने गोंधळ होतो, आणि तिच्या आवाजाने गाडी लोण्यासारखी आत जाते!

आणि 'त्या दिवशी ती बस म्हणाली होती का' याचं उत्तर काही दिलं नाही. वकिलाने तीनदा विचारलं. "आठवत नाही," एवढंच.

शनिवार, १६ मार्च

बोलत नाही मी त्याच्याशी. त्याच्या लक्षात आलंय असंही वाटत नाही. टीव्ही एवढ्या मोठ्याने लावतो की शेजारीण भिंत ठोकते.

मंगळवार, १९ मार्च

ताईला फोन केला. ती म्हणाली, डोक्यात किडे वळवळत ठेवण्यापेक्षा जाऊन बघून ये ना एकदा. मोठ्या बहिणीला सांगायला काय जातंय!

बुधवार, २० मार्च

बघून आले.

वाटेत काय काय बोलायचं ते पाठ केलं होतं. माझा नवरा तुझ्या उशापायथ्याशी बसतो, लाज नाही वाटत, वगैरे. वॉर्डात शिरले आणि पाय तिथेच थबकले. खिडकीजवळच्या खाटेवर फिक्कट हिरवा गाऊन! लहान फुलांचा. उजव्या खांद्यावर माझ्या नाड्या!

बेकरीतल्याची आई! आणि मी मूर्ख शिवणी दुमडत बसले होते.

ती दिसायला काही नाही. हे खरंच सांगते, जळून नव्हे. माझ्याच वयाची, रापलेली, पुढचा एक दात तुटका. त्यामुळेच जास्त राग आला. देखणी असती तर निदान समजून घेतलं असतं.

मला बघून तिने लगेच ओळखलं. "या ताई, बसा. गाऊन तुमच्या हातचा ना? कुठेही काचत नाही बघा." खुर्ची खाटेला अगदी चिकटवून ठेवलेली होती, उशीजवळ. नर्स गोळ्या द्यायला आली, तिने मला सांगितलं की ही पाववाल्यांची खुर्ची, ते असेच जवळ बसतात, हिच्या तोंडाशी कान नेऊन. नर्सला वाटलं मी कोणी नातेवाईक. माझ्या अंगाचा तिळपापड झाला!

सरळ विचारलं मी. "त्या दिवशी तुम्ही 'बस' म्हणालात का?"

 तर ती उलट मलाच म्हणते, "ताई, एक विचारू? तुम्ही त्यांच्या कुठल्या बाजूला झोपता?"

कोणी असं विचारतं? परक्या बाईला? तिच्या नवऱ्याबद्दल? मी उठलेच. काय बोलले ते आता नीट आठवत नाही, पण नर्स धावत आली. ती मात्र चिडली नाही. "नसेल माहीत तर राहू दे," म्हणाली. माझ्याच घरातलं मला माहीत नाही म्हणे!

निघताना बघितलं, तिच्या गाऊनची एक नाडी सुटली होती. एका हाताने तिला बांधता येत नव्हती. परत आत जाऊन बांधली आणि आले. शिवण माझी होती, म्हणून.

गुरुवार, २१ मार्च

भांडण झालं. जोरदार. मी एवढी ओरडले की माझं प्रत्येक वाक्य त्याला नीट ऐकू गेलं, हेही काही कमी नाही.

माझं ऑपरेशन झालं तेव्हा हा गाडी चालू ठेवून खाली थांबला होता. वर फक्त पिशवी पाठवली. हे मी विसरलेली नाही. तर म्हणतो, तेव्हा पाव गरम होते. आता पाव नाहीत म्हणून वेळ आहे का? तर म्हणाला, "तिचा हात कामातून गेला माझ्यामुळे. मी नाही जायचं तर कोणी जायचं?"

माझ्यामुळे, म्हणाला! वकिलाने जे बोलायला बंदी केली होती तेच. मी म्हटलं, हे कोर्टात बोलशील तर मी माहेरी जाईन. मग विचारलं, ती बस म्हणाली होती का ते तरी मला सांग, मी तुझी बायको आहे. तो बूट घालायला लागला.

तिच्यासाठी लायसन्ससुद्धा घालवायला तयार आहे. एवढं काय आहे तिच्यात?

सोमवार, १७ जून

किती दिवस वहीला हात लावला नाही. कोर्टाची तारीख पुढे गेली. परत पुढे गेली. ती दवाखान्यातून सुटली आहे, कँटीनमध्ये कूपनं फाडायला बसते, डाव्या हाताने. हा बेकरीत पोती उचलतो, पाठ धरते. निळा शर्ट मी दोनदा भिजवून ठेवला मुद्दाम. चुरगळलेला घालून गेला.

गुरुवार, ५ सप्टेंबर

आज तिची साक्ष झाली. जसंच्या तसं लिहून ठेवते.

मी याच्या शेजारी बसले होते, डाव्या हाताला, नेहमीसारखी. ती आली ती प्रथम आमच्याकडेच बघून. माझ्याकडे नाही, त्याच्याकडे. आमच्या वकिलाने विचारलं, रोज गाडी कशी थांबवायचात? ती म्हणाली, "तोंडाने येऊ द्या म्हणायची, पण थांबवायला गाडीवर थाप मारायची. दोन थापा."

"आणि त्या दिवशी?"

"दोन्ही हातांत ट्रे होते."

"मग तोंडाने 'बस' म्हणालात?"

तिने परत याच्याकडे बघितलं. हा पुढे झुकून तिच्या ओठांकडे बघत होता. भर कोर्टात! माझ्या देखत! मी पदराचं टोक मुठीत धरलं.

"नाही," ती म्हणाली. "म्हणायचं राहून गेलं. माझं लक्ष नव्हतं."

आमच्या वकिलाने एवढी घाई केली खाली बसायची! तिच्या बाजूचा वकील कपाळाला हात लावून बसला. तिची निम्मी भरपाई तिने एका वाक्यात घालवली. आणि हा? याला आनंद व्हायला हवा होता. तोंडावर रुमाल धरून बाहेर गेला.

लक्ष नव्हतं. का नव्हतं? कुठे होतं? मला काय कळत नाही? असं कोणासाठी कोण करतं, ते मला चांगलं माहीत आहे. आपण सुटलो, म्हणून मी देवापुढे हात जोडायला हवेत. पण जोडायचे कोणापुढे, देवापुढे की तिच्यापुढे? हा घास तिच्या उपकाराचा! मी शिव्या दिल्या, गोंधळ घातला, नाडी बांधली. मी त्याच्यासाठी काय घालवलं आजपर्यंत? काहीच नाही. मला संधीच कधी मिळाली नाही. तिला मिळाली, आणि तिने घेतली.

मंगळवार, १ ऑक्टोबर

निकाल लागला. निम्मा दोष तिचा, निम्मा गाडीचा. लायसन्स परत मिळालं. मालकाने उद्यापासून गाडी दिली.

बुधवार, २ ऑक्टोबर

संध्याकाळी गाडी घेऊन आला. आज मी हट्टाने मागे उभी राहिले. म्हटलं, आजपासून मी. येऊ दे, येऊ दे. आला. मग 'बस' म्हटलं. गाडी येतच राहिली. बस! बस रे! सगळी गल्ली बाहेर आली एवढी ओरडले. भिंत पाठीला लागली. शेवटी दोन्ही हातांनी गाडीवर थाप मारली. जागच्या जागी थांबला.

उतरून माझ्या ओठांकडे बघत म्हणाला, "काय झालं? तू काही बोललीस का?"

त्याच्या डाव्या कानाशी टाळी वाजवली. मोठ्याने. त्याची पापणीसुद्धा हलली नाही.

मी त्याच्या डाव्या बाजूला झोपते.

ती म्हणाली होती 'बस'. गाडीची किल्ली आता माझ्याकडे आहे.