स्टँडपर्यंतची चौदा मिनिटं

नाना,

रविवारी, पंधरा मार्चला, सकाळी अकरा वाजून पाच मिनिटांनी, तुमच्या नातवाने, म्हणजे माझ्या मुलाने, धुळ्याबाहेर हायवेला लागून असलेल्या एका मोकळ्या प्लॉटवर उभं राहून आपल्या बायकोला सांगितलं, "आईनं एकोणीस वर्षं धुळे-जळगाव अपडाऊन केलं. तिला काही झालं का?" मी तीन पावलांवर उभी होते, डोक्यावर पदर घेऊन, कारण त्या लेआउटमध्ये सावलीला एक बाभूळसुद्धा शिल्लक ठेवलेली नाही. वेळ अचूक सांगते आहे, कारण मी घड्याळ पाहिलं. आयुष्यभर कोर्टात लघुलेखन केलेली बाई आहे मी. कोण काय बोललं आणि किती वाजता बोललं हे टिपायची सवय निवृत्तीने जात नाही. आणि तक्रार तुमच्याविरुद्ध आहे, त्याच्याविरुद्ध नाही. तो बोलला ते तुमच्याकडूनच शिकलेलं होतं.

तुम्हाला जाऊन बावीस वर्षं झाली, तेव्हा आधी परिस्थिती सांगते. मुलगा नरडाण्याला औद्योगिक वसाहतीतल्या एका कारखान्यात आहे. सून जळगावला एका मोठ्या खाजगी दवाखान्याच्या प्रयोगशाळेत रक्त तपासते. बारा वर्षं झाली, येत्या वर्षात ती तिथली प्रमुख होईल. दोघं लेकीला घेऊन जळगावला भाड्याने राहतात आणि मुलगा रोज रेल्वेने नरडाणा गाठतो. तीन वर्षांत त्याची कंबर धरली, चिडचिड वाढली, आणि आता त्यांना स्वतःचं घर घ्यायचं आहे. इथवर माझी काही हरकत नाही. प्रश्न एवढाच की कुठे. सुनेचं म्हणणं अमळनेर. ते बरोबर मधे पडतं. सकाळी एकाने पश्चिमेची गाडी धरायची, एकीने पूर्वेची. मुलाचं म्हणणं धुळे, तेही नरडाण्याच्या अंगाला, कारण तिथून कारखाना जवळ.

रविवारी तो मोटारसायकलवरून आला तो हसतच. प्लॉटपासून कारखान्याच्या गेटपर्यंत जाऊन आला होता. "सव्वीस मिनिटं!" म्हणाला. प्लॉट दाखवणारा दलाल शेजारी उभा राहून प्रत्येक वाक्याला मान डोलावत होता. "साहेब, गुरुवारी पाडवा. इसार देऊन मोकळे व्हा. कोपऱ्याचा प्लॉट आहे. शुक्रवारी आलात तर मी तुम्हाला ओळखणार पण नाही." सुनेने शांतपणे विचारलं, "आणि माझी किती मिनिटं?" मुलगा म्हणाला, "तुझीही मोजली ना. फाटा सहा मिनिटं. चालत." ती म्हणाली, "फाट्याच्या पुढे?" "पुढे बस आहे. त्यात काय, नुसतं बसायचंय." मग तिने पुन्हा अमळनेर काढलं. तो म्हणाला, "अमळनेरला आपलं कोण आहे?" ती म्हणाली, "आणि धुळ्याला माझं कोण आहे?" बोलून झाल्यावर तिने माझ्याकडे पाहिलं, माफी मागितल्यासारखं. मी मान हलवली, की बरोबर बोललीस. आणि तेव्हाच त्याने माझी ती एकोणीस वर्षं खिशातून काढून तिच्या तोंडावर मारली. दलाल म्हणाला, "वा मावशी, तुमच्या पिढीची गोष्टच वेगळी!" त्याला मी जे उत्तर दिलं ते इथे लिहीत नाही. पण मुलाला काहीच बोलले नाही. नन्सच्या शाळेत तुम्हीच घातलंत मला, भाऊबंदांचे टोमणे ऐकून. तिथे सिस्टर म्हणायच्या, विचारलं की उभं राहून पूर्ण वाक्यात उत्तर द्यायचं. रविवारी मी उभीच होते. वाक्य निघालं नाही.

फाट्यापर्यंत सहा मिनिटं. नाना, हे मोजमाप कुणाचं, मला लगेच ओळखू आलं.

आईचं स्वयंपाकघर आठवतं? चुलीच्या बाजूची भिंत काळी, समोरची निळी. माझं लग्न होऊन वर्ष झालेलं, कोर्टातली नेमणूक हातात येऊन पंधरा दिवस. मी आईजवळ पाट टाकून बसले आहे. आई ज्वारी-उडदाच्या कळण्याची भाकरी थापते आहे. मी सांगते की जळगावला सरकारी क्वार्टर मिळतंय, दोन खोल्यांचं, कोर्टापासून चालत जाण्याच्या अंतरावर. हे जळगावच्या कॉलेजात अर्ज करायला तयार आहेत. हे म्हणजे तुमचे जावई, धुळ्याच्या कॉलेजात कारकून. तुम्ही दारातून आत येता, चप्पल न काढता, जे तुम्ही कधी करत नाही, आणि खिशातून कागद काढून माझ्यापुढे धरता. देवपुरातला प्लॉट, आणि माझ्या नावावर. त्या काळात पोरीच्या नावावर जमीन करणारा आपल्या भाऊबंदांत दुसरा कुणी नव्हता, हे मी तेव्हाही मान्य केलं आणि आजही करते. मी कागद वाचला, आनंदाने रडले आणि मग म्हटलं, "नाना, पण नोकरी जळगावला आहे." तुम्ही म्हणालात, "घर बाईना मांगे फिरत नही." घर काही बाईच्या मागे फिरत नाही. आईने तव्यावरची भाकरी उलटली आणि तुमच्याकडे न बघता विचारलं, "मंग बाईनी घरना मांगे फिरानं का?" तुम्ही तिला गप्प बस म्हणालात. तिची भाकरी मात्र त्या दिवशी करपली, आणि तीच तुमच्या ताटात पडली.

पुढच्या रविवारी तुम्ही मोजमाप केलंत. जन्मभर गिरणीच्या गेटवर हजेरी घेतलेला माणूस. भोंगा झाल्यावर एक मिनिट उशिरा आलेल्या कामगाराला तुम्ही परत पाठवायचात, मग तो तुमचा साडू का असेना. घर घ्यायचं तर घरापासून कामापर्यंत घड्याळ लावायचं, हा तुमचा नियम आणि तो चांगलाच होता. तुम्ही प्लॉटवरून सायकल काढलीत, जावयाच्या कॉलेजच्या फाटकाला हात लावलात, परत आलात आणि म्हणालात, "अकरा मिनिटं." मग माझ्यासाठी निघालात. परत आलात तेव्हा घामाने डबडबलेले, चेहरा उजळलेला. "चौदा मिनिटं!" मी विचारलं, "कुठपर्यंत, नाना?" तुम्ही म्हणालात, "स्टँडपर्यंत."

एवढंच. तुमचं घड्याळ एसटी स्टँडवर थांबलं. तिथून पुढचे नव्वद किलोमीटर, पारोळा, एरंडोल, पाळधी, आणि संध्याकाळी तेच उलटं, हे तुम्ही कामावर जाण्यात धरलंच नाही. का, याचा मी इतकी वर्षं विचार केला. मला वाटतं, चालणं आणि सायकल मारणं हे तुमच्या लेखी कष्ट होते. बसमध्ये माणूस बसतो, आणि बसलेल्या माणसाला कष्ट होतात यावर गिरणीच्या माणसाचा विश्वास बसत नाही. गेटवर चूक करणाऱ्याला तुम्ही आत सोडलं नाहीत. स्वतःच्या चुकीला मात्र घरात घेतलंत, आणि ती आता नातवाच्या पिढीत कर्ती झाली आहे.

सोमवारी मी घड्याळ लावलं. कुणाला न सांगता. पहाटे रिक्षा करून त्या प्लॉटवर गेले, रिक्षावाला विचारत होता, "आजी, इथं कुणाकडे?" मी म्हटलं, "अजून कुणाकडेच नाही, तोच तर प्रश्न आहे." पाच चाळीसला प्लॉटच्या कोपऱ्यावरून निघाले. फाटा सहा मिनिटं. मुलगा खोटं बोलला नव्हता, माझ्या गुडघ्यांना नऊ लागली. तिथे पहिली बस हात दाखवूनही थांबली नाही. दुसरीने धुळे स्टँडवर सोडलं, तिथून जळगाव गाडी लागायला वीस मिनिटं. गाडी भरलेली. कंडक्टर म्हणाला, "अक्का, मागची गाडी घ्या, उभं ऱ्हावं लागीन." मी म्हटलं, "उभंच राहायचंय, तू तिकीट दे." एक पोरगी उठून जागा द्यायला लागली, पारोळ्याच्या शाळेत शिकवणारी, मांडीवर वह्यांचा गठ्ठा. मी नाही म्हटलं. ती म्हणाली, "अहो बसा ना, तुमचं वय बघा." मी तिला सांगितलं, "आज माझं वय अडतीस आहे." तिला वाटलं म्हातारीचं डोकं फिरलं. पण सून अडतीसची आहे आणि सुनेला कुणी उठून जागा देणार नाही. पारोळ्याला ती पोरगी उतरली आणि मग मात्र मी बसले, कारण पाय उभं राहू देईनात.

जळगावला दवाखान्याच्या प्रयोगशाळेच्या खिडकीशी पोहोचले तेव्हा नऊ वाजून पाच मिनिटं झाली होती. तीन तास पंचवीस मिनिटं. सुनेची हजेरी साडेआठची. हातमोजे घातलेली ती धावत बाहेर आली. "आई? काय झालं? कुणाला बरं नाही का?" मी म्हटलं, "कामावर आलेय. पस्तीस मिनिटं उशीर झाला." तिला समजायला एक क्षण लागला. मग ती इतकी हसली की रांगेतली माणसं बघायला लागली. तिने मला आत बसवलं, पाणी दिलं, आणि हसणं ओसरल्यावर हळूच म्हणाली, "आई, आलाच आहात तर एक काम करा. तुमचं इंग्रजी चांगलं आहे." ड्रॉवरमधून कागद काढला. राजीनामा. म्हणाली, "रोजचं भांडण नको वाटतं. लेक ऐकत असते. धुळ्यात बघीन काहीतरी. एवढ्या चुका तपासून द्या." मी चष्मा लावून वाचला. दोन परिच्छेद, स्वच्छ, एकही चूक नाही. कोर्टात माझ्या हाताखालून गेलेल्या निम्म्या वकिलांना असं लिहिता येत नव्हतं. मी म्हटलं, "बऱ्याच चुका आहेत गं. राहू दे माझ्याकडे, वेळ लागेल." कागद घडी करून पर्समध्ये ठेवला. तो आज माझ्याकडेच आहे. सुनेशी असं खोटं बोलायला मला जराही लाज वाटली नाही.

काल, मंगळवारी, मुलाला फोन लावला आणि सगळ्या वेळा वाचून दाखवल्या, कोर्टात वाचावं तशा. त्याने ऐकून घेतलं. तो वाईट नाही, नाना. थकलेला आहे, आणि थकलेल्या माणसाला फक्त स्वतःचाच रस्ता दिसतो. मग म्हणाला, "पण आई, तू कधी एकदा तरी म्हणालीस का की त्रास होतो? मी तर लहानपणापासून उलटंच ऐकलंय. नाना सगळ्यांना सांगायचे." आणि त्याने तुमची नक्कल केली, हुबेहूब, हातवाऱ्यांसकट असणार: "मनी पोर रोज जळगाव जास. जागा भेटस तिले, झोपी जास बसमां. एक दिन बी खाडा नही!" माझी पोर रोज जळगावला जाते, जागा मिळते तिला, बसमध्ये झोपून जाते, एक दिवस खाडा नाही. मी म्हटलं, "नंतर बोलते," आणि फोन ठेवला. नंतर बोलले नाही.

हे तुम्ही गिरणीच्या गेटवर सांगितलंत, लग्नांच्या पंगतीत सांगितलंत, माझ्या मुलाला मांडीवर घेऊन सांगितलंत. माझ्या दोन्ही पोटऱ्यांवर शिरांची जाळी झाली, मुलाच्या शाळेचं एकही स्नेहसंमेलन मी पाहिलं नाही, आणि तुम्ही त्याची गोष्ट करून वाटत फिरलात. आता ती गोष्ट माझ्या सुनेला नोकरीतून उठवायला निघाली आहे. म्हणून संताप होतो.

पण तुम्हाला हे कुणी सांगितलं होतं, तेही नोंदवायला हवं. मीच. पहिल्या आठवड्यात शनिवारी माहेरी आले तेव्हा तुम्ही ओट्यावर बसून विचारलंत, "जागा भेटस ना?" आणि मी म्हटलं, भेटते, झोपही होते. पारोळ्यापर्यंत मी रोज उभी असायचे. तुम्ही प्लॉट दिला होता, तुमचा चेहरा पाहून दुसरं काही बोलवेना. आणि पुढे तुम्ही चारचौघांत माझं कौतुक करायला लागलात तेव्हा, खरं सांगते, मला ते ऐकायला आवडायचं. मी कधी खोडून काढलं नाही.

हे पत्र पोस्टात पडणार नाही, हे मला कळतं. तरी रीत म्हणून लिहिते. उद्या पाडवा. दहा वाजता मुलगा इसार द्यायला निघणार आहे. त्याच्या आधी मी जळगावला त्याच्या दारात उभी राहणार, पूर्ण वाक्यात सांगणार की जागा मिळत नव्हती, आणि तुमची गोष्ट मोडणार. तुमची काही हरकत असल्यास गुरुवारी सकाळी नऊच्या आत लेखी कळवावी. त्या वेळेपर्यंत उत्तर आलं नाही, तर तुमचं यावर काही म्हणणं नाही असं मी धरून चालेन.