नारिंगी चाकं

परतवाडा, रविवार

प्रिय प्रणाली,

दिवाळीत तू फोनवर म्हणालीस, माळ्यावरचा तो स्केटबोर्ड विकून टाक, मला त्याचं तोंडही पाहायचं नाही. मी हो म्हणाले. बोर्ड विकलेला नाही. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे तुझा निम्मा राग इथेच होऊन जाईल. उरलेल्या निम्म्यासाठी पुढचं पत्र आहे. फोनवर मला विषय बदलता येतो, कागदावर बदलायला गेलं की खाडाखोड दिसते, म्हणून लिहायला बसले.

विकायचा म्हणून पुसायला काढला होता, खरंच. दुपार होती, दळण नव्हतं, गिरणी बंद होती. बोर्ड फरशीवर ठेवला आणि सहज त्यावर टेकले. तू बसायचीस तसे पाय पुढे लांब केले, दोन्ही हातांनी कडा धरल्या, पाठ मागे टाकली. गिरणीच्या फरशीला उतार आहे हे मला एकवीस वर्षांत कळलं नव्हतं. बोर्ड आपला निघाला. दारातून अंगणात, लिंबाखालून, पार फाटकापर्यंत. डोक्यावरून लिंबाची पानं हळूहळू मागे चालली होती आणि मी कुठेच चालले नव्हते, असं वाटत होतं. तुझे बाबा दारात उभे. म्हणाले, "सुभद्रे, काय करून राहिली तू?" मी म्हटलं, आता मला परत वर ढकला.

तेव्हापासून दर रविवारी आम्ही कॅनॉलच्या रस्त्यावर जातो. ते मोटरसायकल घेऊन खाली उभे राहतात आणि कुणी येत असलं की रुमाल हलवतात. लोक हसतात. हसोत. पन्नाशीतली गिरणीवाली बाई तुझं हेल्मेट घालून ढुंगणावर बसून उतारावरून येते म्हटल्यावर मीसुद्धा हसले असते. पण सकाळचं धुकं असतं, दोन्ही बाजूंना संत्र्याच्या बागा, आणि जमीन इतकी जवळ की रस्त्याचा वास येतो. रस्ता खालून वाहत येतो आणि आपण जागच्या जागी पडून आहोत, असं वाटतं. पायांच्या मधून समोरचा डोंगर दिसतो, त्यामागे कुठेतरी चिखलदरा. तू तासन्‌तास गप्प का बसायचीस घाटातून आल्यावर, ते मला आत्ता कळलं. तेव्हा मी म्हणायचे, पोरीला काही बाधलं की काय.

आता जुबेरचं नाव येणार आहे, पत्र बाजूला ठेवू नकोस. गिरणीचं बेअरिंग वाजायला लागलं तेव्हा त्याच्याच दुकानातून आणावं लागलं. लेथ आता तोच चालवतो, त्याच्या अब्बांचे, शफीभाईंचे, हात थरथरतात. माझा बोर्ड जोर आला की शेपटासारखा हलायचा, म्हणून भीत भीत त्यालाच विचारलं. त्यानं बोर्ड उलटा केला. चाकं ज्या दोन आखांवर बसतात त्यांनाही ट्रक म्हणतात, हे ऐकून तुझे बाबा आठवडाभर हसत होते. त्या ट्रकमधले रबराचे बुश त्यानं बोटांनी दाबून पाहिले आणि म्हणाला, "काकू, हे प्रणालीच्या वजनाचे हायेत. तुमाले कडक लागतीन." पुढचा ट्रक त्यानं थोडा सैल ठेवला, वळण घ्यायला. मागचा घट्ट, कमी वळणारा. मागचाही पुढच्याइतकाच वळायला लागला तर जोरात असताना बोर्ड डुलतो म्हणे. यावर तुझे बाबा म्हणाले, "मंग आपल्या घरात पुढचा ट्रक तू, मागचा मी." तुझे बुश मी फेकले नाहीत. एका डबीत ठेवलेत, डबीवर तुझं नाव लिहिलंय.

पैसे विचारले तर त्यानं फक्त मान हलवली. तुझ्याबद्दल एक शब्द विचारला नाही. निघताना मात्र म्हणाला, "तिचं हाड नीट जुळलं ना?" तीन वर्षांनी, प्रणाली.

मग संक्रांतीनंतरच्या रविवारी माझी हिंमत वाढली. कॅनॉलच्या पुलाजवळ रस्ता डावीकडे वळतो, तिथे पाय टेकवून वेग कमी करायचा, हे मला ठाऊक आहे. त्या दिवशी टेकवले नाहीत. अंग डावीकडे टाकलं, बोर्डही वळला, पण चाकं वळली नाहीत. ती सरळ बाजूला घसरत गेली, ताटावरून वाटी घसरते तशी. मी तुरीच्या काड्यांत जाऊन पडले. कोपर सोललं, बाकी काही नाही. घाबरू नकोस.

दुसऱ्या दिवशी जुबेरकडे गेले. ट्रक चुकीचे बसवलेस का, असं जरा चढ्या आवाजातच विचारलं. त्यानं चाकाला नख लावून दाखवलं, नख रुतेना. "ट्रकचा काही दोष नाही, काकू. हे पांढरे चाक कडक हायेत. सपाटीवर खेळाले ठीक, वळणावर रस्ता पकडतच नाहीत. घाटासाठी तर ते नारिंगी होते, नरम, मोठे." एवढं बोलून तो फडक्यानं हात पुसायला लागला. मी घरी आले. दोन दिवस गिरणी लावली नाही. लोक दळणाचे डबे ठेवून परत गेले.

तुला ती संध्याकाळ आठवतेच. दुसऱ्या दिवशी सकाळी चिखलदऱ्याच्या घाटात शर्यत, अमरावतीहून क्लबची मुलं येऊन उतरलेली, आणि नारिंगी चाकांचा पत्ता नाही. जुबेर म्हणत होता, बेअरिंग बदलून चाकांची पिशवी गिरणीत ठेवून आलो. तू म्हणत होतीस, गिरणीत काही नाही, तूच कुणाला तरी विकलीस. मग मोहल्ल्यात आणि आपल्या आळीत लोक काय काय बोलले, ते तुझ्याही कानांवर आलं होतं. शफीभाई स्वतः चाकांचे पैसे घेऊन आपल्या दारात आले होते, तू घेतले नाहीस. आणि सकाळी तू हट्टानं जुनी पांढरी चाकं लावून गेलीस आणि तिसऱ्या वळणावर पडलीस. खांद्याजवळचं हाड मोडलं. पुण्याला गेलीस ती जुबेरचा नंबर पुसूनच.

पिशवी गिरणीतच होती. मी ज्वारीच्या कोठीत खोल दाबून ठेवली होती. घाटात तू मरशील असं मला रोज स्वप्न पडायचं. वाटलं, चाकंच नसली तर जाणार नाहीस. तू पडल्यावर मनात म्हटलं, बघा, मी घाबरत होते ते बरोबरच होतं. तीन वर्षं मी स्वतःला बरोबर समजत होते. कॅनॉलच्या वळणावर ती चाकं माझ्या अंगाखालून सरकली तेव्हा मला समजलं, की तू घाटामुळे पडली नाहीस. तुला मी पाडलं. आणि ज्या पोरानं तू पडू नयेस म्हणून ती चाकं तयार केली, त्याला चोर ठरू दिलं. तुम्ही दोघं अंगणात भांडत होता तेव्हा मी दोन हातांच्या अंतरावर उभी होते, तरी बोलले नाही. मला फार लाज वाटते, बेटा.

तुला लिहायच्या आधी काल पिशवी घेऊन त्याच्या दुकानात गेले आणि शफीभाईंच्या समोर सगळं सांगितलं. शफीभाई उठून आत गेले. जुबेरनं हातातलं काम खाली ठेवलं. मग म्हणाला, "ज्वारीत होते म्हणजे ओल नसंन लागली. दाखवा." त्यानं एक चाक बोटावर धरून फिरवलं. ते इतका वेळ फिरत राहिलं की आम्ही दोघं नुसते बघत उभे होतो. या पार्सलात वर तिळाचे लाडू आहेत, खाली ती चारही चाकं. ज्वारीचे दाणे अजून अडकलेले असतील, झटकून घे. बोर्डवर पुन्हा बसायचं की नाही, ते तू ठरव. पण पार्सल उघडलंस की त्याला फोन कर, नंबर लाडवांच्या डब्याच्या झाकणावर लिहिलाय. मला नंतर कर, कितीही रागावून.

तुझीच, पिशवी लपवणारी,
आई