निखिलच्या ताटातली भाकरी

३ मार्च, मंगळ.
आईला येऊन आठ दिवस झाले. आज पाया लेबारच्या ऑफिसातून वुडलँड्सच्या घरापर्यंत ट्रेनमध्ये उभ्यानं आलो, लिफ्टमधून बाहेर पडलो तर कॉरिडॉरमध्येच वास. मक्याची भाकरी! सिंगापुरात हा वास पहिल्यांदाच.
टेबलाशी निखिल. आमचा भाडेकरू, शेवटच्या खोलीतला पोस्टडॉक, मूळ सिल्लोडकडचा. खुर्चीवर मांडी घालून उडदाच्या डाळीत भाकरी मोडून खातोय. आई शेजारी उभी. "लाजू नको रे, घे अजून. घरीच आहेस."
मग माझं ताट आलं. डाळ तीच. तीन पोळ्या, मऊ, तूप लावलेल्या. भाकरी नाही.
मागितली नाही. का मागू?

४ मार्च
दिवसभर डोक्यात तेच. लिहून टाकतो, म्हणजे जाईल.
सहावीत शहाद्याच्या शाळेत डबा उघडला. मक्याची भाकरी. शेजारचा म्हणाला, हे तर आमच्या म्हशीला घालतात. सगळा बाक हसला. घरी येऊन डबा मोरीत आपटला आणि आईला म्हणालो, पुन्हा माझ्या ताटात मका वाढलास तर जेवणार नाही.
तिने नाही वाढला. आजतागायत नाही. गावी सगळ्यांना भाकरी, मला वेगळी कणीक भिजवून पोळी. इतकी वर्षं मला त्यात काही वाटलं नाही. उलट साहेब असल्यासारखं वाटायचं. आता काय झालं, कळत नाही. कळतं, पण लिहायची लाज वाटते.
जळतोय. लिहिलं.

८ मार्च, रवि.
आज कहर. निखिलकडे म्हणे भाकरी जाड असते आणि गरम दुधात कुस्करून गुळाबरोबर खातात. आजी करायची. झालं! आईने जाड थापली. दूध तापवलं. गूळ किसून दिला.
ही तीच बाई. हिच्या मते भाकरी पातळ, काठ न फाटलेली, डाळीशी नाहीतर ठेच्याशी. गूळ-भाकरी म्हणजे तापातून उठलेल्याचं जेवण. माझा धाकटा काका एकदा भाकरीवर साखर घेऊन बसला तर त्याला ताटावरून उठवायचं बाकी ठेवलं होतं. आणि आता सिल्लोडच्या पोरासाठी गूळ किसतेय.
मेधा (बायको, सातारची, ज्वारीची) म्हणाली, "मका म्हणजे पंजाब्यांचं. आमच्याकडे कोणी शिवत नाही." मग माझ्याकडे बघून, "एवढं तोंड पाडतोस तर मागून घे ना."
तोंड पाडलं नव्हतं.

१२ मार्च
आईने गावाहून आणलेलं पीठ संपत आलं. निखिल सुट्टी काढून तिला लिटिल इंडियातल्या देशी बाजारात घेऊन गेला. मी पहिल्या दिवसापासून म्हणतोय, नेतो नेतो. संध्याकाळी आई गजरा माळून परत. पिठाची पिवळी पिशवी दाखवत, "आपला मका पांढरा, हा पिवळा. पण निखिल म्हणाला, करून बघू काकू." दोघं हसतात. कशावर हसतात, मला कोणी सांगत नाही.
आयत्या बिळावर नागोबा. (भाडं वेळेवर देतो, ते खरंय. तरीही.)

१५ मार्च, रवि.
आज जे केलं ते कोणाला सांगणार नाही.
पांढऱ्या पिठाचा शेवटचा डबा वॉशिंग मशीनमागे सरकवून ठेवला. आईने सगळे कप्पे उघडून पाहिले, बॅग उपसली. माझ्या लेकीला, इराला विचारलं. इरा आयपॅडमधून मान वर न करता, इथल्या पोरांच्या इंग्रजीत, "आय नेव्हर टेक लाह, आजी." आई पलंगावर बसली. "इथंच ठेवलं होतं. माझंच डोकं आता ठिकाणावर राहत नाही." निखिल म्हणाला, "राहू द्या काकू, पिवळंच घेऊ."
संध्याकाळी डबा मलाच 'सापडला'. आई म्हणाली, "बरं झालं बाबा, तू आहेस." तिला वाटतंय ती विसरायला लागली.

२१ मार्च, शनि.
सगळे खाली मार्केटला गेले असताना एक करून बघितली. पिवळं पीठ, ऊन पाणी, तळव्याने रगडली. थापताना चार बाजूंनी फाटली. तव्यावर टाकताना पाचवी बाजू निघाली. इरा आधी परत आली. "बाबा, धिस वन लाइक मॅप." महाराष्ट्राचा म्हणालो. तिला पटलं नाही. मलाही नाही. सगळं कचरा खाली सोडायच्या शूटमध्ये.

२८ मार्च, शनि.
मागितली.
आई निखिलला वाढत होती. मी म्हणालो, "आई, मला दे."
"काय?"
"भाकरी."
सगळं थांबलं. निखिलचा हातही. आई माझ्याकडे बघत राहिली. "पण तू सहावीत असताना म्हणालास, पुन्हा वाढलीस तर जेवणार नाही. पोर उपाशी राहील म्हणून पुन्हा हिंमतच नाही केली मी."
शब्दन्‌शब्द लक्षात! आणि मी तिला पंधरा दिवस विसरभोळी करून ठेवली.
"आता देऊन बघ," म्हणालो. तिने तव्यावरची अख्खी भाकरी माझ्या ताटात ठेवली, मध्ये बोटाने दाबून तूप सोडलं. आणि उभी राहिली. निखिलशेजारी उभी राहायची तशी. माझ्याशेजारी.
आता खरं. भाकरी आवडली नाही. घशाशी रवाळ लागते, गिळताना पाणी घ्यावं लागतं. सहावीतही बहुतेक नुसती त्या पोरांमुळे नव्हती नावडत. पण वर बघितलं तर आईचे डोळे भरलेले.
"अजून एक दे," म्हणालो.

१ एप्रिल, बुध.
पाचवा दिवस. सकाळी भाकरी, रात्री भाकरी. ऑफिसच्या डब्यात भाकरी. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. आईला कोण हुरूप! पांढरं पीठ फक्त माझ्यासाठी राखून ठेवलंय. निखिलला पोळी.
निखिल पोळी खातो आणि माझ्या ताटाकडे बघतो. काय सांगू, घास घशात अडकलाय तरी बरं वाटतं.

५ एप्रिल, रवि.
लिफ्टमध्ये निखिलने विचारलंच. "दादा, तुम्हाला खरंच आवडते का?"
"फार," मी.
"नाही, तुम्ही प्रत्येक घासाला पाणी पिता म्हणून." मग बटणांकडे बघत, "आमची आजी गेल्या वर्षी गेली. मला जायला जमलं नाही. काकूंच्या हातची अगदी तशीच लागते."
जेवताना आई आत गेली तेव्हा अर्धी भाकरी त्याच्या ताटात सरकवता आली असती. सरकवली नाही. माझी आहे.
वाचल्यावर माझंच मला बरं वाटत नाहीये.

९ एप्रिल, गुरु.
आईला विमानतळावर सोडलं. निखिलही आला, बॅग त्यानेच ढकलली. आत जायच्या आधी आई माझ्या गालावरून हात फिरवून त्याला म्हणाली, "ह्याला मक्याची फार आवड. अधूनमधून करून घाल. तुला येते आता, मी बघितलंय."
म्हणजे याला शिकवलं! कधी? मी ऑफिसात असताना, अर्थातच. मला कोणी विचारलं का, तुला शिकायचंय का?
ट्रेनमध्ये त्याच्या शेजारी बसलो. पिठाच्या डब्याचं आईला सांगायचं ठरवलं होतं, ते गर्दीत राहून गेलं.

१२ एप्रिल, रवि.
निखिलने केली. गोल, काठ शाबूत, अगदी आईसारखी. मेधाने फोटो काढला. (माझ्या नकाशाचा काढला नव्हता.) मेधाने आणि इराने पोळी घेतली. आम्हा दोघांपुढे भाकरी.
तेवढ्यात आईचा व्हिडिओ कॉल. आधी विचारलं, "निखिल जेवला का?" मग मला. मग ताटाकडे बघून, "कशी झाली? खरं सांग हं. माझ्यासारखी झाली?"
निखिल माझ्याकडे बघत होता.
"नाही," म्हणालो. "तुझ्यासारखी कुठली!"
आई खूश. तिकडे हसत कोणाला तरी हाक मारून सांगत होती. निखिल मान खाली घालून आपल्या भाकरीचे तुकडे करत राहिला. त्याची भाकरी आईच्याइतकीच चांगली होती, हे मला माहीत होतं आणि त्यालाही. फोन बंद झाला. मीच माझ्यातली अर्धी तोडून त्याच्या ताटात ठेवली. "घे. आईसारखीच झालीय."
त्याने एकदा बघितलं. उठला, दूध तापवून आणलं, गुळाचा डबा आणला. माझ्यापुढेही वाटी ठेवली. कुस्करून खाल्ली. एकदाही पाणी लागलं नाही. दुसऱ्यांदा गूळ मीच घेतला.
आता आईला सांगायच्या गोष्टी दोन झाल्या. डबा मी लपवला होता, तू काही विसरली नव्हतीस. आणि भाकरी मला गुळाबरोबर आवडते. पहिली ती एक वेळ माफ करील. पुढच्या रविवारी फोन येईल.