‘पूर्णा’च्या पत्र्याचं गोदाम

२ फेब्रुवारी, जुने शहर, अकोला
सकाळीच अमरावतीहून आलो. मन प्रसन्न आहे. तीस वर्षं व्यासपीठावरून गरजलो; आता पुस्तक लिहायचं आहे, ‘पूर्णा’ जहाजाचा इतिहास. ऐन महायुद्धात, १९४३ साली, अमेरिकेत दीड महिन्यात जोडून काढलेलं मालवाहू जहाज. आधी त्यानं तोफगोळे वाहिले. युद्ध संपल्यावर, हे पुस्तक लिहून घेणारे गोदामाचे मालक चंद्रभानजी यांच्या आजोबांनी ते घेतलं आणि वऱ्हाडचा कापूस समुद्रापार नेला. पुढे जहाज भंगारात निघालं, तेव्हा त्याचे पत्रे इथे आणून हे कापसाचं गोदाम बांधलं. कापसाच्या गठाणींच्या मागची कागदपत्रांची खोली मला दिली आहे. मोबाइलला रेंज नाही, ते बरंच. प्रकाशन समारंभात मुख्य भाषण माझं. पाच हजार माणसं येतील.

दाराशी एक पाटी आहे. आत जाताना खडूनं नाव लिहायचं, बाहेर येताना पुसायचं. कापूस पेटला की दार लावून हवा तोडतात. त्याआधी पाटीवरची नावं पुकारून माणसं बाहेर घेतात. चौकीदार देवमननं खडू पुढे केला. मी हमाल नाही, असं सांगितलं. भाषनवाल्याले खडू जड झाला काय जी, म्हणाला. हसून आत गेलो.

५ फेब्रुवारी
खोलीत जळक्या तेलाचा, सडक्या पाण्याचा वास. पत्र्याला काळपट ओल आहे, बोट लावून पाहिलं. तेच बोट नकळत ओठाला लागलं. खारट.

डबा पंचफुलाबाई आणतात. त्यांचे आजोबा सोनबा भातकुलीचे, गठाणींबरोबर जहाजावर गेले ते परतलेच नाहीत. माह्या आज्याचं नाव तेवढं टाका जी, एवढंच मागणं. मी शब्द दिला. पुस्तकात घालीन, भाषणातही घेईन.

९ फेब्रुवारी
जहाजाची नोंदवही सापडली. १९५१, जहाजाच्या तळाशी माल ठेवायच्या कोठीत कापसाला आग. आग विझवायला कोठीची झाकणं बंद केली, आत वाफ सोडली. बहुतेक माल वाचला. खाली अकरा हमाल होते, सगळे वऱ्हाडचे. सातवं नाव सोनबा. आतून दीड तास ठोकत होते; किती वाजता थांबले तेही लिहिलंय. अक्षर मोत्यासारखं. त्या अक्षराचीच शिसारी आली.

१२ फेब्रुवारी
चंद्रभानजी आले. पान वाचून शांतपणे म्हणाले, हे नोका घेऊ. पाहुने येऊन राहिले. जमत नसन तर वक्ता दुसरा पाहू.

मी लिहिलं : ‘सुदैवाने जीवितहानी झाली नाही.’ अक्षर चांगलं आलं.

पंचफुलाबाईंना सांगितलं, कागद सापडला नाही. बरं जी, म्हणाल्या, आणि डबा ठेवून गेल्या. भाकरीच्या घासात केस लागला.

१४ फेब्रुवारी
केस नव्हता. कापूस. काळा, ओला, तेलकट. घशातून ओढला, वीतभर निघाला. अजून आहे. आता किळस कापसाची येते की माझी—

१६ फेब्रुवारी
खोकताना बोळा पडला. उलगडला. आत नख. माणसाचं.

१८ फेब्रुवारी
मागच्या भिंतीवर ठोकताहेत. मागे मोर्णा नदी. उभं राहायला तिथे जागा नाही. पत्रा तापलाय—

२० फेब्रुवारी, दुपार
गठाणींतून धूर. बाहेर देवमन पाटी वाचतोय. नितेश. हो जी. शिवम. हो जी. झाले सारे, लावा दार. मी ओरडतोय— घशात बोळा— तीस वर्षं सभा गाजवल्या आणि आता—

दार लागलं.

मोबाइलच्या उजेडात लिहितोय. डाव्या हातानं पत्रा ठोकतोय. माझ्या दोन्ही बाजूंना ठोकणारे हात. ओले. कातडी पत्र्याला चिकटून राहते. मोजले. अकरा जण.

ठोकणं थांबवलं त्यांनी. माझ्याकडे बघताहेत. सातवा अगदी जवळ आलाय. त्याला नावानं हाक मारली तर कदाचित— तोंड उघडतो तर नुसता कापूस— निदान लिहून दाखवतो— सो