तुमच्या इंजिनाचा दांडा

तीर्थरूप बाबांना क्लेमचा नमस्कार.

इकडे वेल्समध्ये मी मजेत आहे. आईचा गुडघा कसा आहे?

दर पत्रात तुम्ही विचारता, "मी चालवायचो ते वाफेचं इंजिन तुमच्या भंगारखान्यात आलं का रे?" मी नाही म्हणत आलो. खोटं बोललो, बाबा. ते मार्चमध्येच आलं आणि मीच कापलं. "लोखंडासाठी काय रडतोस!" मुकादम ओरडला.

आता दर रविवारी आम्ही काही जण कापण्यातून वाचलेलं एक इंजिन दुरुस्त करतो. काल त्याची चाकं जोडणारा दांडा घासला, तर गंजाखाली तुमच्या इंजिनाचा नंबर निघाला. रेल्वेच्या कारखान्यात दुरुस्तीच्या वेळी कधीतरी दोन इंजिनांच्या दांड्यांची अदलाबदल झाली असणार.

या. आधी त्यावर हात ठेवा, मग तोच हात माझ्या थोबाडीत ठेवून द्या.

तुमचा,
क्लेम